नव्या असेंबल्ड मशीनवर विंडोज ७ टाकायचं आहे, जुन्या मराठी फाइलींसाठी

मिरजेचा जुळारी | शुक्रवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी.

मी मिरजेत १९९८ पासून डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सतारी-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांची कार्डं, दर्ग्यातल्या संगीत सभेच्या पत्रिका, सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. २००९ साली असेंबल करून घेतलेलं कोअर टू ड्युओचं मशीन एक्सपीवर परवापर्यंत चालू होतं. बुधवारी सुरूच होईना. बाजूचा पत्रा काढून बघितला तर प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलेलं. हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे, दुसरीकडे लावून बघितली.

भाच्याने त्याचा गेमिंगचा जुना संच मला दिला. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क). त्यावर विंडोज ११ आहे आणि ते सुंदर चालतं. पण माझं पेजमेकर त्यावर इन्स्टॉल झालं तरी फाइल उघडताना मध्येच बंद पडतं. म्हणून विंडोज ७ टाकायचं ठरवलं. २०१२ साली प्रोफेशनलची सीलबंद डबी बिलासकट घेतली होती, एक्सपी ठीक चालत असल्याने ती कधी वापरली नाही. भाच्याने त्या डीव्हीडीचा पेनड्राइव्ह करून दिला.

आता अडचण. सेटअप सुरू होतं, भाषा विचारणारा पहिला पडदा येतो, आणि तिथे माउस हलत नाही, कीबोर्डचं एकही बटण चालत नाही. कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवासुद्धा विझतो. तोच कीबोर्ड बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, व्यवस्थित चालतो. तीन कीबोर्ड बदलले, सगळी पोर्टं बदलली. काय चुकतंय?

घाई एवढ्यासाठी की एका गावच्या गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता, २१२ पानं. मीच जुळवला होता २००६ मध्ये. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलीला दिवाळीच्या आत दुसरी आवृत्ती काढायची आहे आणि मी तिला शब्द दिला आहे.

बायोस बाळ | शुक्रवार, सकाळी ११.०५

जुळारी काका, तुमचं काही चुकलेलं नाही आणि कीबोर्डही चांगले आहेत.

विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. तेव्हा यूएसबी ३ घरोघरी पोचलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो ओळखून चालवणारं सॉफ्टवेअरच नाही. जुन्या बोर्डांवर यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर असायचा म्हणून हे जाणवत नसे. तुमच्या बोर्डावर सगळी पोर्टं, काळी असोत की निळी, एकाच नव्या पद्धतीच्या कंट्रोलरवर आहेत. बायोसकडे त्याची स्वतःची सोय असते म्हणून तिथे कीबोर्ड चालतो. ज्या क्षणी विंडोजचं सेटअप ताबा घेतं त्या क्षणी दिवा विझतो.

बोर्डाच्या मागे बघा, जांभळं-हिरवं गोल भोक आहे का? पीएस/२ चं? बहुतेक बी४५० बोर्डांवर असतं. असेल तर जुना गोल पिनेचा कीबोर्ड शोधा. तो यूएसबीतून जात नाही, विंडोज ७ ला तो जन्मापासून माहीत आहे.

आणि कृपया हे करण्याआधी दोन गोष्टी सांगा. एक, बायोसमध्ये सीएसएम नावाचा (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारा) पर्याय चालू आहे की बंद? दोन, विंडोज ७ कुठे टाकणार, त्याच एनव्हीएमईवर?

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी १२.३०

जुळारीसाहेब, मी सांगलीत याच धंद्यात. माझा सल्ला वेगळा आहे. नव्या मशीनशी झगडू नका. जुन्या बाजारात जी३१, जी४१ या जुन्या चिपसेटचे बोर्ड अजून मिळतात. प्रोसेसर, रॅम तुमचाच बसेल, हार्ड डिस्क लावली की एक्सपी पुन्हा उभं. मी २०१९ च्या पुरानंतर हेच केलं. दुकानात कमरेएवढं पाणी होतं, तळातली दोन मशीनं गेली. वरच्या फळीवरच्या डिस्का वाचल्या, तेवढ्यावर सगळं परत उभं केलं.

तुमचा फॉन्टचा लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी ती किल्लीची डबी, कुठला? मागच्या २५ पिनेच्या पोर्टात बसणारा की यूएसबी?

सावध सुमेधा | शुक्रवार, दुपारी १.१५

काका, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. पैसे भरणाऱ्या संस्थांसाठी तो जानेवारी २०२३ पर्यंत होता, तोही संपला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. म्हणजे सुरक्षेतली जी भोकं आज सापडतील ती कुणीही बुजवणार नाही.

मी नेटवर्कचं काम करते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा आमच्याकडे दोन दिवसांत अनेक मशीनं बंद पडली, त्यातली जवळजवळ सगळी विंडोज ७ ची. पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता. आता तर पॅचच येणार नाही. ग्राहक पेनड्राइव्ह घेऊन येतात, तुम्ही व्हॉट्सअॅपवरून मजकूर घेता, हे सगळं त्या मशीनवर नको.

विंडोज ११ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात विंडोज ७ किंवा एक्सपी चालवता येईल. बाहेरचं मशीन सुरक्षित राहतं, आतल्याला नेट द्यायचंच नाही. हार्डवेअरचा एकही प्रश्न येत नाही, कारण आतल्या विंडोजला जुन्या पद्धतीचं साधं मशीन दिसतं.

मिरजेचा जुळारी | शुक्रवार, दुपारी ४.००

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

बाळ, गोल पोर्ट आहे! जांभळं-हिरवं अर्धं अर्धं. सीएसएम चालू आहे असं दिसतं. एनव्हीएमईवरच टाकायचं मनात होतं.

कृष्णाकाठ, लॉक २५ पिनेचाच. प्रिंटरची केबल आणि मशीन यांच्यामध्ये बसायचा तो. नव्या बोर्डावर ते पोर्टच नाही. बाजारातून यूएसबीला लावायची २५ पिनेची केबल आणली, त्यावर लॉक ओळखला जात नाही.

सुमेधाताई, तुमचं म्हणणं पटतं. व्हर्च्युअलबॉक्स भाच्याने करून बघितलं होतं. पेजमेकर चालतं. पण माझं काम ट्रेसिंगवर उलटी प्रिंट काढून प्लेटला देण्याचं. लेझर प्रिंटर आतल्या विंडोजला कधी दिसतो, कधी नाही, आणि प्रिंट आली तर नोंदणीच्या (रंगावर रंग नेमका बसवायच्या) खुणा एका बाजूने दोन मिलिमीटर सरकलेल्या. दोन रंगांच्या कामात दोन मिलिमीटर म्हणजे काम फुकट.

बायोस बाळ | शुक्रवार, रात्री ९.४०

काका, ती यूएसबीची केबल त्या लॉकला चालणार नाही. ती फक्त प्रिंटरसाठी असते. लॉकचं जुनं सॉफ्टवेअर थेट पोर्टाच्या पत्त्यावर, म्हणजे ३७८ या जागेवर, विचारपूस करतं. यूएसबीच्या केबलला तसा पत्ताच नसतो. बोर्डात बसणारं २५ पिनेचं कार्ड मिळतं, पण त्यालाही बहुधा वेगळाच पत्ता मिळतो. लॉकचा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

आता विंडोज ७ चं. मी हे काम आतापर्यंत चार-पाच जणांना करून दिलंय, एक सीएनसीवाला, एक दवाखान्यातलं यंत्र, बाकी तुमच्यासारखे. क्रम चुकला की माणूस दिवसभर फिरत राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एनव्हीएमईला हात लावू नका. विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही. नंतर एक हॉटफिक्स आला, केबी२९९०९४१, तो घातला की दिसते. पण तुम्ही तो मुद्दाम घालू नका! तुमच्या विंडोज ७ ला विंडोज ११ ची डिस्क दिसलीच नाही तर त्याला काही लागण झाली तरी ती तिकडे पोचणार कशी? सुमेधाताईंची काळजी निम्मी इथेच मिटते. २४० जीबीची साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी घ्या आणि विंडोज ७ तिच्यावर टाका. टाकताना एनव्हीएमईचा स्क्रू काढून ती बाहेर ठेवा, म्हणजे दोघांचं बूट एकमेकांत गुंतणार नाही.

त्याच्याही आधी विंडोज ११ मध्ये जाऊन बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. बायोसमधली सेटिंगं बदलल्यावर विंडोज ११ ती मागू शकतं, आणि त्या वेळी ती नसली तर त्या डिस्कवरचं गेलं म्हणून समजा. एका मुलाचं असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू. सीएसएम नसेल तर विंडोज ७ चे चार रंगांचे ठिपके फिरत एकत्र येतात तिथेच मशीन थिजतं, कारण चित्र दाखवायला त्याला जुन्या पद्धतीच्या व्हिडिओ बायोसची गरज असते. तुमच्याकडे १०५० टीआय वेगळं कार्ड आहे हे नशीब. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर हे काम फार अवघड जातं.

डबीत दोन डीव्हीडी असतील, ३२ आणि ६४ बिट. ६४ ची घ्या. मन ३२ कडे ओढेल कारण जुनी सॉफ्टवेअरं त्यावर बरी चालतात, पण या चिपसेटचा विंडोज ७ साठीचा यूएसबी ड्रायव्हर ६४ बिटचाच आहे.

आणि पेनड्राइव्ह सोडून द्या. पीएस/२ कीबोर्डने पुढे गेलात तरी सेटअप म्हणेल की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. हा निरोप वाचून लोक भलत्याच मागे लागतात. खरा अर्थ एवढाच, की ज्या पेनड्राइव्हवरून ते सुरू झालं तोच आता त्याला दिसत नाही, कारण तोही यूएसबीवर.

पुणेरी पेंटियम | शुक्रवार, रात्री १०.१५

बाळ म्हणतात ते बरोबर, पण पेनड्राइव्हवरूनही होतं. विंडोज ११ मध्ये डिझम नावाची आज्ञा आहे, तिने सेटअपच्या फाइलींत यूएसबीचा ड्रायव्हर आधीच शिवून टाकायचा. फक्त लक्षात ठेवा, बूट डॉट विम मध्ये दोन प्रती असतात, दोन्हीत घालायचा, आणि इन्स्टॉल डॉट विम मध्येही घालायचा. लोक पहिल्यातच घालून थांबतात. सेटअप दुसऱ्या प्रतीतून चालतं, त्यामुळे कीबोर्ड पुन्हा मेलेला.

बायोस बाळ | शुक्रवार, रात्री १०.३०

हो, अगदी. पण काकांच्या जुन्या मशीनमध्ये साटाचा डीव्हीडी रायटर असणारच. तोच काढून नव्यात लावला की शिवणकाम वाचतं.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ८.५०

एक विचारतो. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा गुरुजींचं छापील पुस्तक स्कॅन करून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढला तर? आता मराठी ओसीआर बरंच सुधारलंय. माझ्या मुलीने परवा एक जुना अंक तसा उतरवला.

मिरजेचा जुळारी | शनिवार, सकाळी ९.३०

तेही मनात होतं. पण २१२ पानांत गावातल्या घराण्यांची नावं, विहिरींची नावं, शेतांची नावं आहेत. ती नावं कुठल्याच कोशात नाहीत. ओसीआरने एक वेलांटी चुकवली तर ती कोण पकडणार? पकडणारा माणूस गेला. फाइल असताना स्कॅनवर जायला मन धजत नाही.

अक्षरवेडी | शनिवार, सकाळी ११.४५

उशिरा आले पण हा धागा वाचून राहवलं नाही. काका, तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे. महाराष्ट्रात गावोगावी अशा हजारो फाइली पडून असतील.

विंडोज ७ होईल तेव्हा होईल. आज, या घडीला, तुमच्या विंडोज ११ वर लिब्रे ऑफिस टाका आणि त्यातल्या ड्रॉमध्ये गुरुजींची फाइल उघडा. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ते पेजमेकरच्या फाइली उघडतं. स्क्राइबसची १.५ आवृत्तीही उघडते. मांडणी थोडी हलेल, पण मजकूर हाती लागेल. आणि इनडिझाइन सीएस६ कुणाकडे असेल तर तेही उघडतं, त्याच्या पुढच्या आवृत्त्या नाही.

आता मजकूर उघडल्यावर घाबरू नका. मराठीच्या जागी अॅक्सेंटवाली रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते. त्या काळच्या फॉन्टला फक्त २५६ घरं असायची. आपली जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने-मात्रे त्यात मावेनात, म्हणून प्रत्येक कंपनीने अक्षरांचे तुकडे केले आणि आपापल्या सोयीने घरांत बसवले. एकीच्या घरात ‘क’ तर दुसरीच्या त्याच घरात ‘ट’चा दांडा. तुमचा मूळ टीटीएफ फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाका, मराठी परत दिसेल.

आणि महत्त्वाचं, तुमचा तो २५ पिनेचा लॉक बहुतेक फक्त टंकनासाठी आहे. माझ्याकडच्या पॅकेजात तरी तसंच होतं. कीबोर्डचा प्रोग्राम लॉक मागायचा. फाइल उघडायला, छापायला नुसता फॉन्ट पुरायचा. जुन्या डिस्कवरून फॉन्ट काढून बघा, तुम्ही ते रीतसर विकत घेतलेले आहेत.

मिरजेचा जुळारी | शनिवार, दुपारी ३.१०

अक्षरवेडी ताई, उघडली! ड्रॉमध्ये. चित्रं इकडची तिकडे गेली, पानांच्या चौकटी तुटल्या, पण फॉन्ट टाकल्यावर पहिल्या पानावर ‘अर्पणपत्रिका’ स्पष्ट वाचता आली. दुकानात एकटाच होतो, उठून बाहेर जाऊन आलो.

आता प्रश्न असा, हे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसेल अशा सर्वमान्य पद्धतीत, कसं न्यायचं? मुलगी म्हणते तिला पुस्तक वेबवरही ठेवायचं आहे.

अक्षरवेडी | शनिवार, सायंकाळी ६.००

काका, कन्व्हर्टर मिळतात, पण तो तुमच्याच फॉन्टच्या घराण्याचा हवा. आणि झालं की तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्यांना दिसते तशी आधी टाइप व्हायची, वेलांटी आणि मग ‘क’. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. कन्व्हर्टर ती उडी मारून देतो, पण जोडाक्षर आलं की अडखळतो. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘थ’च्या अलीकडे पडून ‘स्’ वेगळा लोंबकळताना मी कितीदा पाहिलाय.

दुसरं रफार. तो जुन्यात अक्षरानंतर यायचा, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो. ‘कीर्ती’, ‘दर्शन’, ‘पूर्वज’ हे शब्द शोधून तपासा.

तिसरं आपलं खास मराठी. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांनी’. हिंदी डोक्यात ठेवून केलेले कन्व्हर्टर याचं सरळ ‘दुसर्या’, ‘शेतकर्यांनी’ करतात. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलंत द्यावा लागतो. गावाच्या इतिहासात ‘शेतकऱ्यांनी’ किती वेळा येईल तुम्हीच मोजा. सगळीकडे एकदम शोध-बदल करू नका. ‘कार्यालय’, ‘सूर्य’ यांचा ‘र्य’ बरोबर असतो, तो बदलला तर नवी चूक.

बायोस बाळ | शनिवार, रात्री ८.२०

मला यातलं काही माहीत नव्हतं, धन्यवाद ताई. काका, तरी विंडोज ७ कराच. मांडणी जशीच्या तशी बघायला मूळ पेजमेकर समोर हवंच, नाहीतर कुठलं चित्र कुठे होतं हे आठवणीवर जाईल.

मिरजेचा जुळारी | सोमवार, सायंकाळी ७.४५

कालचा आख्खा दिवस आणि आजची दुपार गेली. क्रमाने लिहितो, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

गोल पिनेचा कीबोर्ड स्टेशन रोडवरच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेवाल्याकडे मिळाला, त्याने पैसे घेतले नाहीत. बिटलॉकर चालू होतं! ४८ आकडे दोन कागदांवर उतरवले, एक घरी, एक दुकानात. मग एनव्हीएमई बाहेर, एसएसडी आत, जुन्या मशीनचा डीव्हीडी रायटर आत.

उत्सुकता म्हणून आधी पेनड्राइव्हनेच गेलो. बाळ म्हणाला तसंच, कीबोर्ड चालला आणि डीव्हीडीच्या ड्रायव्हरचा निरोप आला. मग खरी डीव्हीडी लावली. वीस मिनिटांत डेस्कटॉप.

पुढची खोच कुणी सांगितली नव्हती म्हणून लिहितो. विंडोज ७ उभं राहिलं तरी यूएसबी मेलेलंच. मग ड्रायव्हर आणायचे कशाने? पेनड्राइव्ह चालत नाही, नेट लावायचं नाही. शेवटी एसएसडी काढून एनव्हीएमई लावली, विंडोज ११ मध्ये सगळे ड्रायव्हर एका डीव्हीडीवर लिहिले, पुन्हा अदलाबदल. चिपसेटच्या पॅकेजमधला यूएसबीचा ड्रायव्हर टाकायला गेलो तर विंडोज म्हणे, याची डिजिटल सही तपासता येत नाही.

बायोस बाळ | सोमवार, रात्री ८.०५

अरे हो, माफ करा काका, हे मी लिहायला हवं होतं. २०१९ पासून सह्या फक्त नव्या शा-२ पद्धतीच्या होतात आणि डीव्हीडीवरच्या विंडोज ७ ला ती कळत नाही. दोन अपडेट लागतात, क्रम हाच, आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. मधे रीस्टार्ट. दोन्ही डीव्हीडीवर लिहून घ्या.

मिरजेचा जुळारी | मंगळवार, दुपारी १.३०

झालं! दोन अपडेट, मग यूएसबी, मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मग प्रिंटर. पेजमेकर टाकलं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं, एरवी तक्रार नाही. ट्रेसिंगवर उलटी प्रिंट काढली, २००६ च्या जपून ठेवलेल्या ट्रेसिंगवर ठेवून खिडकीला धरली. चारही कोपऱ्यांतल्या खुणा एकावर एक.

विंडोज ७ चालू असताना लॅनची केबल लावत नाही. विंडोज ७ मध्ये नेटवर्कचं कार्डच बंद केलं. बाहेरचा मजकूर विंडोज ११ वर घेतो, तिथे तपासतो, आणि एकाच ठरावीक पेनड्राइव्हने इकडे आणतो. ग्राहकाचा पेनड्राइव्ह या बाजूला लागत नाही, तसा कागद मशीनवर चिकटवलाय.

सावध सुमेधा | मंगळवार, दुपारी २.१०

काका, यापेक्षा चांगली व्यवस्था मी एखाद्या कंपनीतही क्वचित पाहिली आहे. एकच भर. पेनड्राइव्हचं ऑटोरन विंडोज ७ मध्ये पूर्ण बंद करून टाका. आणि चालू झालेल्या या एसएसडीची आत्ताच एक प्रतिमा (जशीच्या तशी पूर्ण प्रत) करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. पुन्हा दोन दिवस हे करायची वेळ येऊ नये. फाइलींचीही एक प्रत घराबाहेर असू द्या, कृष्णाकाठ यांनी पूर पाहिलाय, ते सांगतील.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ४.००

सुमेधाताईंना दुजोरा. पुराच्या आधी माझ्याकडे सीडींचे चार डबे होते. पाणी ओसरल्यावर सीडीवरचा चंदेरी थर बोटाला चिकटून आला. प्रत दुसऱ्या गावात ठेवा.

जुळारीसाहेब, लॉकचं काय झालं?

मिरजेचा जुळारी | बुधवार, सकाळी ९.१५

लॉक तसाच. फॉन्टच्या कंपनीला फोन केला, इतक्या जुन्या लॉकची नोंद सापडत नाही म्हणाले. सध्या जुन्या फाइलीत एखादं अक्षर बदलायचं असेल तर त्याच फाइलीत दुसरीकडून ते अक्षर उचलून आणून चिकटवतो. पूर्वी खिळे जुळवताना घरात अक्षर संपलं की दुसऱ्या ओळीतून काढायचो, तसंच. दुरुस्तीपुरतं जमतं, नवं पान टाइप करायला नाही.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ९.४०

माझ्याकडे जी३१ चा एक चालू बोर्ड पडून आहे, मागे २५ पिनेचं पोर्ट आहे. तुमचा प्रोसेसर त्यात बसेल. रविवारी मिरजेला येतोय, घेऊन येतो. टंकनाला ते ठेवा, छपाईला हे. पैशाचं काढू नका.

पुणेरी पेंटियम | बुधवार, सकाळी ११.००

हा धागा वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती. मला एक विचारायचंय, बी५५० चिपसेटच्या बोर्डावर कुणी केलंय का? मला सेटअपमध्येच ए५ क्रमांकाचा निळा पडदा येतोय.

बायोस बाळ | बुधवार, सकाळी ११.२५

ए५ म्हणजे विंडोज ७ ला बोर्डाचं एसीपीआय (बोर्ड आपल्या हार्डवेअरची माहिती विंडोजला देतो ती पद्धत) समजत नाहीये. ते वेगळं आणि मोठं प्रकरण आहे, बदललेली सिस्टिम फाइल घालावी लागते आणि ती कुठून आली याची खात्री देता येत नाही. तुमचं काम नुसतं सवयीसाठी असेल तर सोडून द्या. काकांसारखी गरज असेल तर वेगळा धागा काढा, तिथे बसू.

मिरजेचा जुळारी | गुरुवार, रात्री १०.३०

आज गुरुजींची मुलगी दुकानात आली होती. पेजमेकरमध्ये पुस्तक उघडून ठेवलं होतं, तिच्या हातात २००६ ची छापील प्रत. एकेक पान ताडून बघत होतो. ८७ व्या पानावर दोन्ही जुळेनात. छापील प्रतीत विहीर खोदणाऱ्यांच्या यादीत अकरा नावं, पडद्यावर बारा.

मला आठवेना. मग फाइलीची तारीख बघितली, पुस्तक छापून झाल्यानंतर तीन आठवड्यांची होती. तेव्हा लक्षात आलं. गुरुजी छपाईनंतर एकदा सायकलवरून आले होते, एक नाव राहून गेलं म्हणाले, पुढच्या आवृत्तीत घ्या. मी त्यांच्यासमोरच ती ओळ घातली होती आणि फाइल सेव्ह केली होती. एकोणीस वर्षं ते नाव त्या डिस्कवरच होतं.

बाराव्या नावावर रफार आहे. ताई, युनिकोडमध्ये तो बरोबर बसला आहे, दोनदा बघितलं.